चुनेर गावची बाई आणि सात दिवसांची मुदत

रशियात नोंदणीच्या फॉर्मवर वडिलांचं नाव कुठल्या चौकटीत लिहायचं, या एका प्रश्नाने माझे चार दिवस खाल्ले. २०१९ची गोष्ट, पण आठवलं की अजून डोकं फिरतं.

मी जुन्नरची. अफानासी निकितिन हा रशियातल्या त्वेर शहरचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरून घोड्यासकट आमच्या गावी आला आणि पावसाळ्याचे दोन महिने तिथे राहिला, एवढं लहानपणापासून माहीत होतं. रशियन शिकल्यावर त्याचं मूळ लिखाण वाचलं. त्यात जुन्नरचं झालंय ‘चुनेर’. त्वेरहून निघाल्यावर व्होल्गाकाठच्या कल्याझिनच्या मठात थांबून त्याने मठाधिपती माकारीचा आशीर्वाद घेतला, हेही त्यात आहे. मग ठरवलं, ते गाव बघायचं.

व्हिसा, विमान, मॉस्कोहून आगगाडी, सगळं सुरळीत झालं. मैत्रिणीची आई व्होल्गेकाठीच दुसऱ्या एका गावात राहते (नाव मुद्दाम सांगत नाही), तिच्याकडे तीन आठवडे मुक्काम. रशियात परक्या माणसाची राहत्या पत्त्यावर नोंदणी करावी लागते. हॉटेलात असाल तर हॉटेलवालेच करतात. घरी राहिलात तर घरमालकाने करायची, आणि मला मुदत होती कामाच्या सात दिवसांची. पोस्टातूनही होते म्हणे. म्हणून मैत्रिणीच्या आईला (मी त्यांना आजीच म्हणते) घेऊन पोस्टात गेले.

फॉर्म म्हणजे नुसत्या चौकटी. एका चौकटीत एक रशियन अक्षर, काळ्या शाईने, खाडाखोड चालत नाही. आडनाव, नाव, आणि तिसरी ओळ ‘ओतचेस्त्वो’ची, म्हणजे वडिलांच्या नावावरून साधलेलं नाव. माझ्या पासपोर्टात माझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात आहे. व्हिसावरही तसंच. मी तसंच लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“विनायक कोण?”

“माझे वडील.”

“मग ते तिसऱ्या ओळीत.”

नवा फॉर्म घेतला. जन्मगाव लिहिताना घोटाळा. रशियनमध्ये ‘ज’ला एक अक्षर नाही, दोन जोडावी लागतात, मी घाईत दोन्ही एकाच चौकटीत कोंबली. फॉर्म बाद. तिसरा लिहीपर्यंत एक वाजला आणि जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी खाडकन बंद. दोनला उघडली, तर पासपोर्टाच्या झेरॉक्समध्ये व्हिसाचं पान नव्हतं आणि त्यांचं मशीन बंद होतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत दुसऱ्या बाई. तिसऱ्या ओळीतला विनायक बघून म्हणाल्या, “व्हिसावर ओतचेस्त्वो कुठे आहे? जसं व्हिसावर, तसंच इथे.” म्हणजे माझा पहिला फॉर्म बरोबर होता! तो मी फाडून टाकला होता. मध्ये शनिवार-रविवार. हे दोन दिवस मुदतीत धरत नाहीत हे मला नंतर कळलं, त्यामुळे दोन्ही रात्री झोप नाही. (तुम्ही जाणार असाल तर बाद झालेला फॉर्मसुद्धा फाडू नका. आणि घरमालकाला बरोबर न्याच. आजींचा पासपोर्ट लागला, सहीही त्यांचीच.)

त्या रविवारी आजींनी मला बसवून चहा पाजला आणि कल्याझिन सांगितलं. त्यांच्या आईचं माहेर तिथलं. उग्लिचच्या धरणासाठी १९३९-४०मध्ये जुन्या गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आजोळचं लाकडी घर ओंडक्या-ओंडक्यावर आकडे घालून उकललं आणि वरच्या बाजूला पुन्हा उभं केलं. एक ओंडका चुकीच्या जागी बसला, त्या कोपऱ्यातून आयुष्यभर वारा यायचा. निकितिन थांबला तो मठही गेला. पाडण्याआधी भिंतींवरची काही चित्रं तेवढी उतरवून घेतली. निकोलस चर्च पाडलं, पण त्याचा घंटाघराचा मनोरा राहिला.

मग त्यांनी माझ्या वडिलांचं नाव पुन्हा विचारलं आणि मला ‘विनायकोव्ना’ करून टाकलं. रशियात मोठ्यांना असंच नाव-बापाचं नाव लावून हाक मारतात. पोस्टातल्या चौकटीत न बसलेला विनायक आजींच्या तोंडी असा बसला.

सोमवारी चौथा फॉर्म, आत काय घातलंय त्याची यादी दोन प्रतींत, पैसे, आणि शेवटी शिक्का. फॉर्मची खालची चिठ्ठी फाडून हातात दिली. मला रडूच यायचं बाकी होतं. ती चिठ्ठी मी देवाच्या अंगाऱ्यासारखी पासपोर्टात जपली. परतताना विमानतळावर कोणी विचारलंसुद्धा नाही. तरी जपा. आणि जन्मगाव घरीच वहीवर चौकटी आखून लिहून बघा.

निकितिनला आमच्या जुन्नरात याहून वाईट भेटलं होतं, हे मान्य करते. तिथला अंमलदार असद खान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि बजावलं: धर्म बदललास तर घोडा परत, नाहीतर घोडाही जाईल आणि वर हजार मोहरा दंड. मुदत चारच दिवसांची. खोरासानचा एक ख्वाजा मुहम्मद मध्ये पडला म्हणून सुटला. मला तर पूर्ण सात दिवस होते.

मंगळवारी कल्याझिन. पंधरा हजारांच्या आतली वस्ती. १७७५मध्ये कॅथरीन राणीने शहराचा दर्जा दिला. काठावर आलं की मनोराच दिसतो. १८०० साली पुरा झालेला, ७४ मीटरहून उंच, पाच मजली, पांढरा, पाण्यातून सरळ वर. इथे नदी वळते, म्हणून जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडला. १९८०च्या दशकात पायाभोवती भराव घालून बेट केलं, त्यामुळे आता तो पाण्यात उभा वाटला तरी त्याला कोरडी जमीन आहे. हिवाळ्यात लोक बर्फावरून चालत जातात. मी बोटीने गेले. बोटवाल्याने एक फेरी मारली आणि पलीकडच्या काठाजवळ बोट दाखवलं: मठ तिथे होता. पाणी, थोडं गवत, दोन बगळे.

संग्रहालयाच्या अभिप्रायाच्या वहीत गावाचा रकाना होता, एकही चौकट नसलेला. मी ऐसपैस लिहिलं: चुनेर.