एका फॉर्मपायी गेलेले 22 दिवस

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघते. जर्मनीच्या एका खरेदीदाराबरोबर आमचं हे चौथं वर्ष. दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण घ्यावं, म्हणजे एकमेकांची बोलण्या-वागण्याची पद्धत समजून घ्यावी, हे त्यांनीच सुचवलं. शेठ लगेच तयार झाले, पुण्यातली एक संस्था ठरली, तारखाही मिळाल्या.

मग आला पूर्वतयारीचा फॉर्म. प्रश्न एकच: समोरच्यांच्या कोणत्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो? आम्ही पाचही जणांनी लिहिलं, ‘काही अडचण नाही, संबंध चांगले आहेत.’ फॉर्म परत आला. शेरा एका शब्दाचा, ‘अपुरा’. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘कधी कधी संवाद कमी पडतो.’ पुन्हा ‘अपुरा’. फोन केला तर, ‘मॅडम, जरा सविस्तर लिहा ना.’ सविस्तर म्हणजे काय, ते कुणी सांगेना. सर दौऱ्यावर, मॅडम मीटिंगमध्ये. आमची तारीख हुकली. जर्मनीच्या लोकांनी त्यांचे फॉर्म केव्हाच भरून दिले होते, ते आमच्यासाठी थांबलेले. मला अजूनही याचा राग येतो. स्पष्ट बोलायला शिकवणाऱ्यांनी ‘एक घडलेला प्रसंग लिहा’ एवढे चार शब्द लिहायला हवे होते.

शेवटी मी डाईंगमध्ये, म्हणजे रंगाईच्या खात्यात, अण्णांजवळ जाऊन बसले. अण्णा आमचे डाईंग मास्टर. शेठसमोर ते तक्रारीचा शब्द काढत नाहीत, म्हणून शेठ बाहेरगावी असतानाचा दिवस धरला. बराच वेळ ते लॅब डिपचे, म्हणजे शेड (रंगछटा) पसंत करून घ्यायला रंगवलेल्या नमुन्यांचे, तुकडे लावत राहिले. मग म्हणाले, ‘तो मेल आला होता बघ. शेड चालणार नाही, सोमवारपर्यंत नवीन पाठवा. ना नमस्कार, ना काही. तीस वर्षं रंगात हात आहेत पोरी माझे.’ त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. जसं बोलले तसंच लिहून पाठवलं. संध्याकाळी फॉर्म मंजूर!

तेव्हा फॉर्म भरताना प्रसंग लिहा, तारखेसकट. आणि शेठ व कामगार यांचे फॉर्म वेगवेगळे भरून घ्या. प्रशिक्षणात हॉफस्टेड या डच अभ्यासकाचे आकडे दाखवले. वरच्याखालच्यातलं अंतर माणसं किती मुकाट्याने मान्य करतात, त्यात भारत 77 आणि जर्मनी 35. मला अण्णांची मान खाली घातलेली दिसली.

प्रशिक्षण दोन दिवसांचं, स्क्रीनवर. जर्मनीच्या लोकांच्या फॉर्ममध्ये माझे तीन मेल होते. जानेवारीच्या मालाबद्दल तिन्ही वेळा मी लिहिलं होतं, ‘होऊन जाईल.’ संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, निम्मे माग बंद असतात, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागतं? मला माहीत होतं, तरी नाही कसं म्हणायचं म्हणून लिहिलं. त्यांनी माझ्या शब्दावर जहाजात जागा धरून ठेवली होती. ऐकताना फार वाईट वाटलं. आपलं ‘बघतो’ म्हणजे बहुतेकदा नकार, हे त्यांना कळणार कसं? आणि त्यांचं ‘चालणार नाही’ हे कापडाबद्दल असतं, माणसाबद्दल नव्हे, हे अण्णांना तरी कुणी सांगितलं होतं?

शेडचा घोळही तिथेच सुटला. आम्ही डी-65 दिव्याखाली, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली बघत होतो, ते दुकानातल्या ट्यूबखाली. दिवा बदलला की तोच रंग वेगळा दिसू शकतो. चार वर्षांत दोघांनीही ‘कोणत्या दिव्याखाली?’ हे विचारलं नव्हतं. लॅब डिप पाठवताना दिव्याचं नाव चिठ्ठीवर लिहाच.

हो, वेळेचंही राहिलं. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात. हिवाळ्यात त्यांचे सकाळचे 9 म्हणजे आपले दुपारचे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. कॉल ठरवताना हे धरा.

आता ऑर्डर घेतानाच गड्ड्याचे दिवस लाल रंगात लिहून पाठवतो, त्यांच्या ऑगस्टच्या सुट्ट्या तिकडून येतात. गेल्या आठवड्यात मेल आला: ‘निळी शेड उत्तम. मरून थोडी गडद हवी.’ अण्णांनी पहिलं वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मरूनच्या तयारीला लागले.