मोहाखालची झाडलेली जागा

आमच्या वनखात्याच्या कॅम्पवर मोबाइलला रेंज नाही. मागच्या खडकावर उभं राहिलं की एक काडी येते, तीही सायंकाळी जास्त. त्या दिवशी दुपारी तीनला सहज चढलो आणि मेसेज येऊन पडला: तुमच्या बीटात, म्हणजे राखायच्या हद्दीत, आग, सोबत अक्षांश-रेखांश. एप्रिलचा पहिला आठवडा, मेळघाट, पानगळ पूर्ण झालेली.

हा मेसेज पाठवणारी आग टिपणारा उपग्रह इथून दीडच्या सुमारास जातो, म्हणजे आग तेव्हापासूनची तरी होतीच. शिवाय त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, जवळजवळ १४ हेक्टर. सपाटीवर ठीक आहे. इथे तेवढ्यात दोन नाले आणि एक धार, म्हणजे डोंगराचा कणा, बसते. चुकीच्या नाल्यात उतरलात की तास गेला. म्हणून मी माणसं धारेवर गोळा व्हायला सांगून स्वतः जुन्या टॉवरकडे निघालो. सोबत आमचा अंगारी. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीवर नजर ठेवायला रोजंदारीवर घेतात, त्यातला सगळ्यात म्हातारा. मी त्याला बाबा म्हणतो.

टॉवरची वाट म्हणजे आता वाट नाहीच. सागाच्या पानांचा घोट्याएवढा थर, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज आणि खाली सुटे गोटे. सवा तास लागला. वर लोखंडी सांगाडा उभा, जिन्याच्या मधल्या चार पायऱ्या गायब. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच बाबाने शर्ट मागून ओढला.

"साहेब, ऊपर मोहोळ है."

फळीच्या खालच्या बाजूला परातीएवढं आग्या मोहोळ लटकलं होतं. काळं, आणि मधूनच त्यावरून चमक सरकत जायची, वाऱ्याने कापड हलावं तशी. हजारो माश्या एकदम पंख हलवतात तेव्हा तसं दिसतं. धूर लागला की त्या उठतात, आणि आम्ही आलो होतो धूर शोधायला. मी श्वास धरून पहिल्या टप्प्यापर्यंतच चढलो. वरून जे दिसलं असतं त्याच्या निम्मंच दिसलं, पण पुरलं. दोन धूर होते. डावीकडचा पांढरा, जाडसर, जागच्या जागी. उजवीकडचा पातळ, करडा, धारेकडे पळणारा. मी पांढऱ्याकडे बोट केलं. बाबा म्हणाला, तो ओल्या नाल्यातला, मरतोय. पळतो तो खरा. कंपासने कोन घेतला आणि खाली उतरलो.

आग पाण्याने विझवतात असं शहरात वाटतं. इथे पाणी प्यायलाच पुरत नाही. आम्ही धारेवर ब्लोअरने तीन-चार मीटरचा पट्टा पानं उडवून मातीपर्यंत साफ केला. बारा माणसांत दोनच ब्लोअर, त्यातलं एक दर दहा मिनिटांनी बंद पडणारं, म्हणून बाकीचे हिरव्या फांद्या घेऊन. मग पट्ट्याच्या खालच्या कडेने आम्हीच काडी लावली. आमची आग हळूहळू उतरते, ती चढत येते, दोघी भेटल्या की खायला काही उरत नाही. सूर्य बुडाल्यावर वारा फिरतो, डोंगरावरून खाली वाहायला लागतो, तेव्हा काम सोपं. नऊला मिटली. बारातले सात जण मजुरीवर नव्हते, धूर पाहून पाड्यावरून आपणहून आले होते. मध्येच कुणीतरी वायरलेसवरून 'जिओटॅग फोटो टाका' म्हणत होतं.

सकाळी पंचनाम्याला मी आणि बाबा दोघंच. जळलेल्याच्या खालच्या टोकाला मोह. त्याच्याखाली गोल जागा झाडून स्वच्छ, कडेला पानं जाळल्याची राख. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून करतात, पिढ्यान्‌पिढ्या. बहुतेक वेळा नीट विझवतातही. या वेळी एक सुकी ओंडकी आत धुमसत राहिली असावी, आणि दुपारच्या वाऱ्याने उचलली. राखेशेजारी काटक्यांचा खराटा पडला होता, साधा, सुतळीने बांधलेला. मी वही काढेपर्यंत बाबाने तो उचलला आणि अजून धुमसणाऱ्या एका बुंध्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. सुतळी आधी जळली, मग काटक्या सुट्या होऊन पसरल्या.

गुन्हा नोंदवला तर त्या पाड्यातलं कुणीतरी उन्हाळाभर कोर्टाच्या फेऱ्या मारणार, आणि पुढच्या धुराला ते सात जण येणार नाहीत. न नोंदवला तर पुढच्या एप्रिलला पुन्हा ओंडकी. माझ्या जागी वरिष्ठ असते तर काय केलं असतं, मला माहीत आहे. ते खराटा पाहायला आले नसते.

पीओआरमध्ये, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवालात, कारणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. क्षेत्र चालून मोजलं, बरोबर लिहिलं. जीपीएसचा पॉइंट मात्र झाडापाशी घेतला नाही, साठेक पावलं वर चढून घेतला. बाबाने विचारलं, इथे का थांबलो. म्हटलं, इथे सिग्नल चांगला आहे.