बाळाचे झटके ओळखताना: माझा अनुभव

माझ्या मुलाला सहाव्या महिन्यात झटके सुरू झाले. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. मिरगी म्हणजे माणूस धाडकन पडतो, तोंडाला फेस येतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक. हा तर झोपेतून उठला की मान खाली टाकायचा, दोन्ही हात पुढे फेकायचा, पाय पोटाशी घ्यायचा. "पोट दुखते त्याचं, ओवा शेकून लाव," सासूबाई म्हणायच्या. जवळच्या दवाखान्यातूनही ग्राइप वॉटरच मिळालं.

पण कळ आलेलं बाळ असं एकसारखं आखडत नाही. एक झटका, काही सेकंद शांत, पुन्हा हुबेहूब तसाच. अशी माळच लागायची, मग तो रडून गळून जायचा. त्यात माझ्याकडे बघून हसणंही बंद झालं, तेव्हा माझा धीर सुटला. आशाताई म्हणाल्या, "मोबाइलमध्ये घेऊन ठेव." पांघरूण काढून, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा व्हिडिओ घेतला.

नागपूरला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तो थांबवून थांबवून पाहिला. मग समजावलं: मायोक्लोनिक झटका, म्हणजे नुसता हिसका, क्षणात होऊन जातो. टॉनिक नावाच्या झटक्यात अंग बराच वेळ ताठ राहतं. याचं अंग एक-दोन सेकंद आखडून सुटतं आणि पुन्हा पुन्हा आखडतं, म्हणून हे स्पाझम. दचकणं आवाजानं होतं, असं ओळीनं येत नाही. वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १८४१ साली स्वतःच्या मुलाचेच असे झटके लिहून ठेवले होते, हेही त्यांनी सांगितलं. त्या बापाचं काय झालं असेल, हे मला बरोब्बर कळलं.

ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख. त्यासाठी केसांना तेल लावायचं नव्हतं आणि तपासणीत झोप लागावी म्हणून रात्री जागवायचं होतं. जागेपणीचा आणि झोपेतला, दोन्ही आलेख लागतात. त्यात हिप्सॅरिदमिया निघाला, म्हणजे अशा झटक्यांत दिसणारा लहरींचा गोंधळ. एमआरआयवरून कारण कळलं: जन्मल्यावर रक्तातली साखर फार उतरली होती.

प्रकार कळणं एवढ्यासाठी गरजेचं, की झटक्यांच्या काही औषधांनी स्पाझम उलट वाढू शकतात. याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध दिलं. बीपी-साखर तपासत राहायची, ताप आला की लगेच दाखवायचं, मनानं औषध बंद करायचं नाही. झटके दिसेनासे झाले तरी पुन्हा ईईजी केला, तो सुधारलेला आला. आता तो मान धरतो. बसायला अजून आधार लागतो, त्यासाठी यवतमाळला व्यायाम चालू आहे.