पसंतीक्रमाची मतं जोडीजोडीनं मोजताना

मतदारांनी उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा क्रम लिहिलेल्या, म्हणजे पसंतीक्रमाच्या पत्रिका हातात आल्या की मी बेरजेला लगेच हात घालत नाही. एकसारख्या क्रमाच्या पत्रिकांचे गठ्ठे करतो, प्रत्येकावर संख्या लिहितो. पुढची बरीच मेहनत इथेच वाचते.

मग तक्ता. प्रत्येक दोन उमेदवारांच्या जोडीत किती पत्रिकांवर कोण पुढे आहे, ते त्यात मांडायचं. पाच उमेदवार असतील तर जोड्या 10, भरायच्या चौकटी 20. आडव्या ओळीत ‘कुणाला पसंती’, उभ्या रकान्यात ‘कुणापेक्षा’, हे तक्त्याच्या डोक्यावर ठळक लिहून ठेवावं. मोजणारा बदलला की ओळ-रकान्याची अदलाबदल होते आणि निकालच उलटा लागतो. 1, 2, 4 असे आकडे टाकलेली पत्रिका बाद करायचं कारण नाही, कारण दोघांत पुढे कोण एवढंच बघायचं असतं. दोघांना सारखाच आकडा असेल तर त्या जोडीत मत कुणालाच नाही.

खरा घात करते ती कोरी जागा. क्रम न दिलेला उमेदवार क्रम दिलेल्या सगळ्यांच्या खाली, असा सर्वसाधारण नियम. संगणकावर मात्र रिकामी चौकट शून्य धरली जाते, शून्य एकापेक्षा लहान, म्हणून तोच उमेदवार पहिला येऊन बसतो! त्यामुळे कोऱ्या जागी मी आधीच 99 भरून घेतो.

ताळा सोपा आहे: जोडीच्या दोन्ही चौकटी आणि त्या दोघांत फरक न करणाऱ्या पत्रिका मिळून एकूण वैध पत्रिका व्हायलाच हव्यात. शिवाय पत्रिका दोन टेबलांवर वाटून मोजल्या तरी तक्त्यांची चौकटीला चौकट बेरीज करता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

बाकी सगळ्यांना एकास एक हरवणारा उमेदवार सापडला की काम संपलं. तो नेहमी सापडतोच असं नाही. 21 पत्रिका घ्या: 8 जणांचा क्रम क-ख-ग, 7 जणांचा ख-ग-क, 6 जणांचा ग-क-ख. क हा ख-ला 14-7 हरवतो, ख हा ग-ला 15-6, आणि ग हा क-ला 13-8. म्हणजे हे एक चक्रच झालं. हा मोजणीतला दोष नाही. फ्रेंच गणिती कॉन्दोर्सेनं हा पेच 1785 मध्येच मांडला होता. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टायडमन यांच्या 1987 च्या पद्धतीत सर्वांत मोठ्या विजयापासून एकेक निकाल कायम करत जायचं आणि चक्र पुरं करणारा सोडून द्यायचा. इथे 15-6 आणि 14-7 टिकतात, 13-8 गळतो, क निवडून येतो.

विजय मोठा कशावरून ठरवायचा, मतांच्या फरकावरून की जिंकणाऱ्याच्या मतांवरून? अर्धवट भरलेल्या पत्रिका जास्त असतील तर दोन्हींचे निकाल वेगळे लागू शकतात. हे आणि बरोबरी झाल्यास चिठ्ठी टाकायची का, या दोन्ही गोष्टी मतपेटी उघडण्याआधी लिहून, सगळ्या उमेदवारांच्या सह्या घेऊन ठेवावं.