किकापू खोऱ्यातील हरणांची शिकार : यंदाच्या हंगामाची नोंद

विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागातील किकापू नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करणारा आमचा एक छोटा गट आहे. त्यात एक निवृत्त सुतार, गाई पाळणारा जमीनमालक शेतकरी, त्याचा मेहुणा आणि मी असे नेहमीचे लोक असतो. यंदा न्यू जर्सीहून आलेला नाशिकचा एक मित्रही होता. सुतारांना मी पहिल्यापासून काका म्हणत आलो आणि आता बाकीचेही त्यांना काकाच म्हणतात. या छंदात रस असलेली इकडची मराठी मंडळी मला अधूनमधून साहित्याविषयी विचारतात आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा रायफलीचा असतो. माझा अनुभव असा आहे की, या शिकारीत रायफल हा सर्वांत सोपा भाग आहे. थंडीत तासन् तास आवाज न करता आणि सुरक्षितपणे बसता येणे हा खरा कसोटीचा भाग असून, साहित्यावरचा बहुतेक खर्च त्यासाठीच व्हायला हवा.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी थोडेसे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे शिकारीवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. येथे लिहिलेले काहीही तिकडे करून पाहण्याचा विचारही कोणी मनात आणू नये. इकडे मात्र हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम राज्य शासन परवाने देऊन शिकाऱ्यांकडूनच करून घेते, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसांवर आकारला जाणारा 11 टक्के अबकारी कर वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतो. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला विस्कॉन्सिनचा परवाना घेण्यापूर्वी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे; एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. म्हणून आधी परवाना आणि मगच बंदुकीला हात, हा क्रम कटाक्षाने पाळावा.

ऑगस्ट ते ऑक्टोबर

आमचा हंगाम मचाणांच्या तपासणीने सुरू होतो. आम्ही शिडीची मचाणे वापरतो, म्हणजे शिडी, तिच्या टोकाला आसन आणि ते सारे झाडाच्या बुंध्याला आवळून धरणारे पट्टे. यंदा ओकच्या झाडावरच्या मचाणाचा पट्टा वरून धडधाकट दिसत होता. अंगठ्याने त्याची कड चाचपत चापापर्यंत आलो, तेव्हा खारीच्या दातांच्या बारीक समांतर खाचा बोटाला लागल्या आणि पट्टा उलटा केल्यावर निम्मी वीण कुरतडलेली दिसली. पट्टे डोळ्यांनी तपासू नयेत, हातांनी तपासावेत, आणि शंका आली तर सरळ नवे घ्यावेत.

मचाणावरून पडण्याचे प्रसंग बहुतेक वेळा चढता-उतरताना किंवा शिडीवरून आसनावर पाय टाकताना घडतात. त्यामुळे केवळ वर बसल्यावर हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचे सुरक्षापट्टे, अडकवणे पुरेसे नाही. आम्ही प्रत्येक मचाणाशेजारी बुंध्यापासून आसनाच्या वरपर्यंत एक सुरक्षादोर बांधतो, त्यावर सरकणारी प्रुसिक गाठ मारतो आणि जमिनीवर असतानाच हार्नेस त्या गाठीला जोडतो; गाठ हाताने वर सरकवत चढायचे, तोल गेला तर ती आपोआप आवळते. रायफल खांद्याला लावून कोणी चढत नाही. काडतुसे काढलेली रायफल खाली दोरीला बांधायची आणि वर बसून स्थिर झाल्यावर ओढून घ्यायची. आमच्या गटात हा नियम मोडणाऱ्याला त्या हंगामात मचाण मिळत नाही आणि या बाबतीत काका कोणाचीही गय करत नाहीत.

रायफलीविषयी थोडक्यात सांगतो. माझी .308 मापाच्या काडतुसाची बोल्ट रायफल (दर गोळीनंतर हाताने खिटी ओढायची) आहे आणि तिच्यावर 3 ते 9 पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आहे. आमच्या दऱ्यांत 100 यार्डांपलीकडचा नेम क्वचितच धरावा लागतो, त्यामुळे याहून अधिक कशाचीही गरज नाही. यंदाचा बदल एवढाच की, शिशाच्या गोळ्या सोडून मी तांब्याच्या गोळ्या घेतल्या. शिशाची गोळी अंगात फुटून तिचे सूक्ष्म कण मांसात पसरतात आणि रानात टाकलेल्या आतड्यांबरोबर ते गरुडांच्या पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते. या खोऱ्यात हिवाळ्यात टकल्या गरुडांचा वावर असतो, हे पाहता मला हा खर्च आवश्यक वाटतो. गोळी बदलली की नेमही बदलतो, म्हणून 100 यार्डांवर नव्याने नेम जुळवणे अपरिहार्य असते.

कपड्यांवर मात्र मनापासून खर्च करावा. कमरेच्या वरच्या बाह्य पोशाखाचा किमान अर्धा भाग भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा, असा राज्याचा नियम आहे. हरणांना नारिंगी आपल्यासारखा भडक दिसत नाही. निळा मात्र त्यांना चांगला दिसतो, म्हणून रानात निळी जीन्स घालू नये. अंगालगत मेरिनो लोकरीचा थर असावा आणि सुती कपडा अजिबात नसावा, कारण सूत घाम धरून ठेवते आणि अंग गारठते. बूट एक माप मोठे घ्यावेत. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि बोटे आधी बधिर होतात. मचाणापर्यंत चालत जाताना जाड कोट अंगावर न घालता पाठीवर बांधून न्यावा आणि वर बसल्यावर घाम सुकला की मग चढवावा. हे एवढे सांभाळले तर उणे दहा अंशांतही माणूस अर्धा दिवस हालचाल न करता बसू शकतो.

कपड्याचा आवाज ही स्वतंत्र बाब आहे आणि तिची परीक्षा काका घेतात. हंगामाच्या आदल्या रात्री ते स्वयंपाकघरात खुर्चीवर डोळे मिटून बसतात आणि प्रत्येकाने आपला कोट घालून त्यांच्यामागे उभे राहून रायफल खांद्याला लावल्यासारखा हात वर न्यायचा असतो. ज्याच्या बाहीची सळसळ त्यांना ऐकू येईल त्याचा कोट ओसरीवर जातो. या वर्षी मेहुण्याने आणलेला महागडा जलरोधक कोट हात निम्मा वर जाण्यापूर्वीच बाद झाला आणि त्याला काकांचा जुना लोकरी कोट घालून बसावे लागले. तो गुडघ्यापर्यंत येत होता, पण आठवडाभर त्याच्याइतके ऊबदार कोणी नव्हते.

शुक्रवारचा प्रवास

रायफलीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. मॅडिसनहून 14 क्रमांकाच्या महामार्गाने स्प्रिंग ग्रीन, रिचलंड सेंटर करत व्हिरोक्वाकडे जायला दोनेक तास लागतात. मागील हिमयुगांतील हिमनद्या या भूभागावरून गेल्या नाहीत, त्यामुळे उर्वरित राज्यात न दिसणाऱ्या खोल दऱ्या आणि अरुंद डोंगरसोंडा येथे टिकून राहिल्या आहेत. त्या दिवशी प्रत्येक पेट्रोल पंपावर नारिंगी टोप्यांची गर्दी असते. हरणांचा माजाचा काळ नुकताच सरत आलेला असल्याने ती बेभान होऊन रस्ते ओलांडतात. म्हणून अंधार पडण्यापूर्वी पोहोचावे, असा माझा आग्रह असतो.

न्यू जर्सीचा मित्र विमानाने आला. रायफल रिकामी करून कुलूपबंद कडक पेटीत ठेवायची, ती सामानाच्या खिडकीवर जाहीर करायची आणि काडतुसे त्यांच्या मूळ खोक्यात ठेवायची, हे सारे नियम त्याने काटेकोर पाळले आणि त्याची रायफल पाहता पाहता पुढे गेली. अडकला तो दुसऱ्या बॅगेतला प्रेशर कुकर. शिट्टी कशासाठी, झाकण आतून का बसते आणि सोबतच्या डब्यातली लाल पूड कसली, हे समजावताना त्याला विमान चुकेल की काय असे वाटू लागले. कांदा-लसूण मसाल्याचा वास घेतल्यावर तपासनीसाने पाककृती विचारली आणि मग त्याला सोडले. कॅम्पवर हा प्रसंग त्याला दररोज सांगावा लागला, कारण शेतकऱ्याला तो पुन्हा पुन्हा ऐकायचा असे.

सलामीचा शनिवार

सूर्योदयापूर्वी अर्धा तास गोळी झाडता येते. म्हणजे या दिवसांत साडेसहाच्या सुमारास, आणि त्याच्या बऱ्याच आधी मचाणावर पोहोचलेले बरे. डोंगराळ भागात वारा समजून घेणे हे साहित्यापेक्षा मोलाचे आहे. पहाटे गार हवा उतारावरून दरीत वाहते. ऊन लागले की तीच हवा वर चढू लागते. ज्या जागी पहाटे तुमचा गंध खाली ओढ्याकडे जातो, त्याच जागी नऊ वाजता तो वरच्या सोंडेवर पोहोचतो. हे पाहण्यासाठी मी खिशात मिल्कवीडच्या शेंगा ठेवतो. हे झाड आपल्या रुईच्या कुळातले असून त्याच्याही शेंगेतून म्हाताऱ्या निघतात. एक म्हातारी बोटांतून सोडली की ती प्रथम खाली झुकते, दहा-बारा हातांवर थबकते आणि अदृश्य प्रवाह पकडून भलत्याच दिशेला निघून जाते. बाजारातली पूड हे दाखवू शकत नाही, कारण ती जवळच विरून जाते.

माझ्या आल्याच्या चहावरून दरवर्षी वाद होतो. चहाचा वास हरणाला लागतो, असे मेहुण्याचे ठाम मत आहे. काकांचा निवाडा मला पटतो : वारा तुमच्याकडे येत असेल तर चहा चालतो, आणि वारा तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर चहा सोडा, गंधरहित साबणाने केलेली आंघोळही उपयोगाची नाही.

त्या सकाळची खरी मौज मात्र खिंडीत झाली. नराच्या घोगऱ्या हुंकाराची नक्कल करणारी एक नळी असते. खिंडीच्या उत्तरेला बसलेल्या मेहुण्याने ती फुंकली आणि दक्षिणेकडून तात्काळ उत्तर आले. त्याने आवाज अधिक आक्रमक केला. उत्तरही अधिक आक्रमक आले. मधल्या मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याला पहिल्या काही हुंकारांतच कळून चुकले होते की, दक्षिणेकडचा नर हा न्यू जर्सीचा पाहुणा आहे. पण त्याने दोघांनाही काही कळवले नाही. जेवणाच्या वेळी दोघेही आपापल्या थोराड नराचे वर्णन करू लागले, त्याच्या शिंगांच्या अंदाजावरून थोडी चढाओढही झाली आणि ते सर्व शांतपणे ऐकून घेतल्यावरच शेतकऱ्याने तोंड उघडले.

पाहुण्याचा त्याच संध्याकाळी नेमही चुकला. येथील कॅम्पांतील जुनी प्रथा अशी की, ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून भिंतीवर टांगायचा. शर्ट बायकोने वाढदिवसाला दिलेला आहे, अशी रीतसर हरकत पाहुण्याने घेतली. काकांनी ती ऐकून घेतली, कापडाचा पोत पाहून दाद दिली आणि सुताराच्या सरळ हाताने कात्री चालवली. आता त्या भिंतीवर जमीनमालकाच्या आजोबांच्या शर्टाशेजारी नाशिकच्या माणसाचा शर्ट आहे, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

मधले दिवस

रायफल रात्री उबदार खोलीत आणू नये, ही सूचना नव्यांसाठी येथेच नोंदवतो. थंड काचेवर खोलीतली वाफ धरते आणि सकाळी बाहेर नेल्यावर ती गोठते. आमच्या रायफली रिकाम्या करून कुलूपबंद, थंड ओसरीवर राहतात.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी ओढ्याकडून तीन माद्या वर आल्या. माझ्याकडे शिंगे नसलेल्या हरणाचा परवाना होता. पुढची मादी दोनदा थांबली, मान खाली घातल्यासारखे करून झटकन वर पाहिले. ही तिची नेहमीची परीक्षा असते आणि अशा वेळी पापणीही लववू नये. सुमारे 60 यार्डांवर तिची कूस माझ्याकडे वळली, तेव्हा खांद्यामागे नेम धरून गोळी झाडली. त्यानंतर अर्धा तास खाली उतरलो नाही, कारण जखमी जनावराला उठवून पळवणे हे क्रूरही आहे आणि निरर्थकही. पानांवरचे रक्त फिकट गुलाबी आणि फेसाळ होते, म्हणजे गोळी फुफ्फुसांतून गेली होती, आणि मादी ओढ्याच्या काठाशी सापडली. जागीच तिची आतडी काढून प्लास्टिकच्या घसरगाडीवरून तिला वाटेपर्यंत आणले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाचच्या आत शिकारीची नोंदणी करावी लागते. ती मी त्याच रात्री केली.

मांस आणि तपासणी

2002 पासून या राज्यात हरणांच्या मेंदूला होणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या रोगाची नोंद आहे आणि आमचा परिसर बाधित पट्ट्यात येतो. हा रोग प्रिऑन नावाच्या प्रथिनामुळे होतो आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे आढळलेले नाही, तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा आरोग्यतज्ज्ञांचा सल्ला आहे. मान ठेवून डोके तपासणीच्या पेटीत जमा केले की मानेतील लसिका ग्रंथी विनामूल्य तपासल्या जातात. निकाल येईपर्यंत मांस नावनिशी लावून गोठवले, आणि रोग आढळला नाही असे कळल्यावरच वाटप केले. परराज्यात नेताना हाडे आणि मेंदू यांवर निर्बंध असतात, म्हणून पाहुण्याच्या वाट्याचे मांस पूर्णपणे हाडांपासून सोडवून दिले.

या मांसात चरबी जवळजवळ नसते. पाठीचा लांब तुकडा बोकडासारखा शिजवत बसलात तर तो चिवट होतो. तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून तो आतून गुलाबी असतानाच उतरवावा. पायांचे मांस मात्र त्या प्रसिद्ध कुकरमध्ये, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात सावकाश शिजवले. काकांनी पहिल्याच घासाला पाणी मागितले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले.

रायफलीचा हंगाम संपताच सोमवारपासून नळीच्या तोंडातून बार भरायच्या बंदुकीचा दहा दिवसांचा हंगाम सुरू होतो. मेहुण्याने तशी बंदूक घेतली आहे. दारू दमट होऊ न देणे आणि एकाच गोळीवर भागवणे हे त्यातले दोन मुख्य प्रश्न आहेत. कोट मात्र तो काकांचाच घालणार आहे. त्या बंदुकीचा नेम कसा जुळतो आणि थंडीत बार कितपत भरवशाचा ठरतो, हे पुढच्या नोंदीत लिहीन.