तिरकी, ठसठशीत देवनागरी

स्थानिक कबड्डी संघाच्या जर्सीवरील नावासाठी आज दिवसभर जाड आणि उजवीकडे झुकलेली देवनागरी अक्षरे रेखाटत होतो. वेग दाखवायचा म्हणजे संगणकावर उभा फॉन्ट तिरका करायचा, ही सोय सर्रास वापरली जाते आणि मला ती मुळीच पटत नाही. असे केल्याने मुळातच उजवीकडे कललेल्या रेषा बारीक पडतात, उलट दिशेच्या रेषा जाड दिसतात आणि गोलाईचा तोल जातो. रोमन लिपीतही हे घडते. देवनागरीत मात्र शिरोरेषा आडवीच राहते आणि काना तेवढा झुकतो, त्यामुळे शिरोरेषेवरचे रफार, मात्रा व अनुस्वार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षरावर येतात, तर खालचे उकार डावीकडे जातात. चाचणीसाठी ‘स्फूर्ती’ हा शब्द घेतला, कारण त्यात जोडाक्षर, दीर्घ ऊकार, रफार आणि वेलांटी एकत्र येतात. जाडी वाढवताच ‘स्फ’मधील पोकळी बुजू लागली, तेव्हा शिरोरेषा थोडी बारीक करून ती मोकळी केली आणि रफार हाताने मागे घेतला.

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली शीर्षके पाहिली, की प्रत्येक शब्दाला त्याचे स्वतंत्र वळण देण्याचे बळ कळते. (नव्या मुलांनी ती अवश्य अभ्यासावीत.) उद्या हे नाव कापडावर छापून, मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येते का, ते तपासणार आहे.