तुम्ही विचारलंत म्हणून: सर्च म्हणजे नक्की काय हुडकता?

कोल्हापुरात जमिनीच्या टायटलची, म्हणजे मालकीहक्काच्या तपासणीची, कामं करणाऱ्या वकिलाला हा प्रश्न चुकत नाही. पक्षकार खुर्चीत टेकतो, मोबाइलवरचा सात-बारा पुढं करतो आणि म्हणतो, "मॅडम, उतारा निघालाय, नाव त्याचंच हाय. मग सर्चला एवढे पैसे न् एवढे दिवस कशाला? हुडकता तरी काय तुम्ही?" प्रश्न रास्त आहे, पण उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नाही. म्हणून जरा बैजवार सांगते.

हा शब्द आपल्याकडं तीन ठिकाणी चालतो आणि त्यातून घोळ होतो. मोबाइलवरचा सर्च सोडून द्या, तो पोरांनाही येतो. दुसरा पोलिसांचा, म्हणजे झडती. तिला पंच लागतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तिचं चित्रीकरणही करावं लागतं. आयकराचा सर्च त्याच घरातला. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, एखाद्या पेढीवर आयकराची माणसं आली की गावभर 'धाड पडली' एवढंच होतं, पण जाणता सराफ आधी विचारतो, सर्च की सर्व्हे? आयकर कायद्यात दोन्हींची कलमंच वेगळी. सर्व्हेत माल मोजतात, वह्या बघतात, पण रोकड आणि दागिने उचलून नेता येत नाहीत. सर्चमध्ये येतात. एवढा फरक असताना वर्तमानपत्रं दोन्हीला एकच मथळा देतात, याचं मला कायम नवल वाटतं.

तिसरा सर्च आमचा, म्हणजे मिळकतीच्या जुन्या दस्तांचा शोध. तो वकिलांनी फी लावायला काढलेला नाही, कायद्यातच बसलेला आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ३ म्हणतं की जी चौकशी किंवा जो शोध तुम्ही घ्यायला हवा होता तो जाणूनबुजून टाळलात, तर ती गोष्ट तुम्हाला माहीतच होती असं धरलं जाईल. शिवाय रीतसर नोंदलेला दस्त हीच पुढच्या खरेदीदाराला सूचना मानली जाते. त्यामुळं उद्या कोर्टात "साहेब, मला ठाऊक नव्हतं" म्हणून उपयोग होत नाही.

आता काम काय असतं ते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं पुस्तकं ठेवलेली असतात. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक एकमध्ये. त्यांची सूची दोन अंगांनी केलेली: माणसांच्या नावांवरून ती इंडेक्स वन, मिळकतीवरून ती इंडेक्स टू. फी भरून अर्ज केला की हे कुणालाही बघता येतं, वकीलच पाहिजे असं कलम ५७ म्हणत नाही. हे मी पक्षकारांना मुद्दाम सांगते. काही जण हौसेनं जातात आणि दुपारच्या आत परत येतात.

कारण इंडेक्स तुम्ही जे विचाराल तेवढंच सांगतो. शहरात आपल्याकडं ए, बी, सी, डी, ई असे वॉर्ड आणि त्यांचे सिटी सर्व्हे नंबर. हद्दीबाहेर रि.स.नं., म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, काही गावांत गट नंबर. कळंबा-पाचगाव पट्ट्यातला आजचा एखादा प्लॉट घ्या. कधीकाळी तो मोठ्या रि.स. नंबरातला एक हिस्सा होता. पुढं वाटणी झाली, हिस्सा नंबर पडला, मग बिनशेती होऊन प्लॉट नंबर आला. आजच्या नंबरानं मागची वर्षं चाळलीत तर सगळं निरंक दिसणार. ते निरंक खोटं नसतं, फक्त त्या काळात त्या नंबराची मिळकतच नव्हती. म्हणून फेरफारांचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या महसुली नोंदींचा, माग काढत मूळ नंबरापर्यंत जायचं आणि प्रत्येक टप्प्याला त्या-त्या वेळच्या नंबरानं आणि त्या-त्या मालकाच्या नावानं बघायचं. आडनावांचीही गंमत: एका दस्तात माणूस आडनावानं, दुसऱ्यात गावावरून पडलेल्या नावानं. त्यात काही रजिस्टरं बाइंडिंगला गेलेली, काहींच्या पानांचे कोपरे झडलेले. ज्या वर्षाचं पुस्तक बघायला मिळालं नाही ते वर्ष अहवालात तसं लिहायचं. ही ओळ बहुतेक पक्षकार वाचतच नाहीत, आणि अहवालातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कित्येकदा तीच असते.

असा सर्च साधारण तीस वर्षांचा काढतात. तीसच वर्षं का? दिलेलं गहाण सोडवून ताबा परत मागायला १९६३ च्या मुदत कायद्यानं तीस वर्षं दिली आहेत. ताबेगहाण (ताबा देऊन ठेवलेलं गहाण) काय किंवा मुदत खरेदी (परत घेण्याच्या अटीवर लिहिलेलं खरेदीच्या रूपातलं गहाण) काय, आजोबांनी लिहून दिलेलं नातू सोडवायला येऊ शकतो. सरकारला दाव्यासाठी मुदतही साधारण तेवढीच. म्हणून बँका तीस वर्षांचा सर्च मागतात. पण आपल्या भागात तीसवर थांबून भागेलच असं नाही. हे करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थान, १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीची इनामं आणि वतनं, नंतर कुळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कुळांना जमिनीचे मालक मानलं तो दिवस), या सगळ्याच्या खुणा आजही जमिनीला चिकटलेल्या आहेत. भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर बंधन असलेली जमीन) किंवा देवस्थान इनाम वर्ग ३ (देवस्थानाला इनाम दिलेली) असं दिसलं की सरकारी परवानगीचा प्रश्न आला, मग विकणारा कितीही भला माणूस असो.

आणि तो मोबाइलवरचा सात-बारा. तो बघावाच लागतो, पण तो मालकीचा दाखला नव्हे. महसुलाची नोंद आहे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. ती कशी वाचायची ते एका उदाहरणानं सांगते. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर थोरल्या भावाचं नाव आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.'. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्याच्या एकट्याची नाही, घरादाराच्या वतीनं नाव त्याचं. पुढच्या उताऱ्यात त्या नावाला कंस पडतो, म्हणजे ते नाव कमी होतं, वारसनोंदीचा फेरफार नंबर येतो आणि खाली फक्त मुलांची नावं. तो फेरफार काढून वाचला तर आत शेरा सापडतो की मुली सासरी नांदतात. झालं! त्या मुलींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलंय का, हे हुडकायला पुन्हा इंडेक्स टूकडं. नसेल तर त्यांची किंवा त्यांच्या मुलांची सही खरेदीपत्रावर घ्यायला हवी. तिथं नेहमी मला ऐकवलं जातं, "आत्ती काय मागणार न्हाईत ओ." मागणार नसतील तर सही द्यायला हरकत काय, एवढंच मी विचारते.

इतर हक्कांचा रकानाही सोडू नका. सोसायटीचा इकरार, म्हणजे शेतीकर्जाचा बोजा, तिथंच असतो. उसावर कर्ज काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यात तो नसेल तरच आश्चर्य.

सर्चमध्ये जे दिसतच नाही, तेही सांगायला हवं. स्टँपपेपरवर नोटरी करून लिहून घेतलेला व्यवहार इंडेक्सला येत नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि केली तरी ते पुस्तक क्रमांक तीनमध्ये, तुम्हाआम्हाला उघडं नसलेल्या. कोर्टातला दावा कोर्टातच बघावा लागतो. बँकेकडं नुसते मूळ कागद ठेवून घेतलेलं कर्ज सर्साईच्या, म्हणजे कर्जासाठी तारण ठेवलेल्या मिळकतींच्या, केंद्रीय नोंदींतही तपासावं. ती नोंदवही २०११ पासूनची. आणि पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर बघितलेल्या गावात तरी पूररेषा विचारल्याशिवाय इसार देऊ नये. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. तीस वर्षांचा निखळ सर्च असलेला प्लॉट निळ्या रेषेच्या आत असू शकतो. टायटल स्वच्छ, पण बांधकाम परवाना मिळत नाही. तो नकाशा नगररचनेकडं मागायचा, निबंधकाकडं नव्हे.

ऑनलाइन सर्चला माझा विरोध नाही, रोज वापरते. मुंबई सोडून बाकी महाराष्ट्राचं तिथं साधारण २००२ पासूनचं मिळतं. माझ्याकडं येण्याआधी तुम्ही तो बघून या, त्यानं माझंच काम हलकं होतं. येताना विकणाऱ्याचं स्वतःचं खरेदीपत्र आणा, इंडेक्स टूची नुसती प्रिंट नको. फेरफार नंबर कंसासकट उतरवून आणा. आणि खरेदीपत्रातली चतुःसीमा हातात धरून एकदा प्लॉटवर उभे राहा. पूर्वेला ओढा लिहिलाय आणि तिथं तुम्हाला डांबरी रस्ता दिसतोय, तर इसार द्यायच्या आधी फोन करा.